वासराचा पहिला हक्क

गाय व्याली म्हणजे आमच्या घरांतून पहिला प्रश्न निघतो तो 'कालवड कीं गोऱ्हा?' हा, आणि दुसरा निघतो तो 'खरवस केव्हां?' हा. 'वासरूं प्यालें काय, आणि किती वाजतां प्यालें?' हा तिसरा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं. पुढें आठ-दहा दिवसांनीं वासराचे केंस उभे राहिले, डोळे खोल गेले, शेपटी शेणानें बरबटली, म्हणजे मग गोठ्यांत धांवपळ सुरू होते. कोणी दृष्ट काढतो, कोणी बिब्बा घालतो, कोणी पोटावर डाग देतो, कोणी नळकांड्यानें तेल पाजतो. 'आजार म्हशीला आणि औषध पखालीला' ही म्हण आपण इतरांस लावतों. परंतु रोड वासराच्या बाबतींत ती आपणांसच लागू पडते, असें माझें स्पष्ट मत झालें आहे. वासराच्या आजाराचें मूळ पुष्कळदां वासरांत नसून, तें जन्मलें त्या रात्रीं आपण केलेल्या वांटणींत असतें. त्या वांटणीविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रस्तुत लेखक पशुवैद्य नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करून, गेल्याच वर्षीं ५८ वें वर्ष पुरें झाल्यामुळें निवृत्त झालेला एक लहान खातेदार आहे. 'वासरांत लंगडी गाय शहाणी' असें कोणी म्हणेल, तर तें मला मान्य आहे. जें खालीं लिहिलें आहे तें कांहीं जाणत्यांकडून समजून घेतलेलें व कांहीं स्वतःच्या नुकसानींतून शिकलेलें आहे.

आमचा भाग म्हणजे उल्हास नदीचें खोरें. अंबरनाथ व बदलापूर यांच्या आसपास अजूनहि भाताचीं खाचरें आहेत. पण त्यांतील कांहीं खाचरांवर दर वर्षीं इमारती उभ्या राहतात. १९४९ सालीं कल्याणच्या लष्करी छावणीच्या जागीं, फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांची वसाहत उल्हासनगर या नांवानें वसली; अंबरनाथास कारखाने निघाले; आणि पुढें बदलापूरपर्यंत रेल्वेच्या दोन्ही बाजूंस वस्ती झाली. त्यामुळें दुधाचें गिऱ्हाईक दाराशीं आलें. ही गोष्ट शेतकऱ्याच्या फायद्याची झाली, यांत शंका नाहीं. परंतु तिचा एक परिणाम असा झाला कीं, पूर्वीं जो चीक घरांतल्या मुलांत व आळींतल्या चार घरांत वांटला जाई, त्यालाहि बाजारभाव आला. शहरांतील माणसास खरवसाची गोडी आहे, आणि चिकाला साध्या दुधाहून अधिक दाम पडतो. गाय व्याल्याची बातमी कळतांच फोन येऊं लागतात. वासरूं अद्याप पायांवर उभें राहिलेलें नसतें, तोंच त्याच्या पहिल्या घोटाचा सौदा होऊन गेलेला असतो.

चार वर्षांपूर्वींच्या श्रावणांत आमच्याच गोठ्यांत हें घडलें. आमची संकरित जर्सी गाय रात्रीं दहाच्या सुमारास व्याली. कालवड झाली. मी त्या वेळीं नोकरींत होतों. पण त्या रात्रीं घरींच होतों, म्हणून दोष दुसऱ्या कोणावर ढकलतां येत नाहीं. आमच्या वहिनींनीं सासऱ्यांच्या वेळेपासून चालत आलेला नियम सांगितला कीं, वार पडल्याशिवाय वासराला पाजूं नये. वार पडण्यास पहाट झाली. सकाळीं धार काढली, ती सुमारें चार लिटर निघाली. त्यांतील दोन लिटर उल्हासनगरच्या एका ओळखीच्या गृहस्थांस द्यावयाचें आधींच कबूल केलें होतें. एक लिटर अंबरनाथास मेहुण्यांकडे गेला. आणि उरलेल्याचा घरांत खरवस झाला. कालवडीला नऊ वाजतां गाईखालीं सोडली, तेव्हां सडांत जें राहिलें होतें तेवढेंच तिला मिळालें. पांचव्या दिवशीं तिला पांढरी हगवण लागली. आम्हीं दूध बंद केलें, कारण 'पोटाला विश्रांति द्यावी' असें सर्वांचें मत पडलें. आठव्या दिवशीं ती उठेना. तेव्हां डॉक्टरांस बोलावलें.

डॉक्टर तरुण होते. त्यांनीं तिच्या तोंडांत बोट घालून पाहिलें, मानेची कातडी चिमटींत धरून सोडून पाहिली, आणि मला विचारलें, "भाऊसाहेब, पहिला चीक किती वाजतां पाजला?" मीं सांगितलें, "सकाळीं नऊला." "आणि व्याली केव्हां?" "रात्रीं दहाला." ते कांहीं वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "मी सलाईन लावतों, औषधहि देतों, पण अकरा तास उशीर झाला आहे, तो मला भरून काढतां येणार नाहीं." कालवड अकराव्या दिवशीं गेली. त्यांचें बोलणें त्या वेळीं मला कठोर वाटलें. पुढें विषय समजून घेतला तेव्हां कळलें कीं, तें केवळ हिशेबाचें बोलणें होतें.

हिशेब असा आहे. मनुष्याचें मूल आईच्या पोटांत असतांनाच आईच्या रक्तांतील रोगप्रतिकारक द्रव्यांचा मोठा वांटा घेऊन जन्मास येतें. गाय, म्हैस, शेळी, मेंढी या जनावरांची वार निराळ्या घडणीची असल्यामुळें तीं द्रव्यें तिच्यांतून पलीकडे जात नाहींत. म्हणून वासरूं जन्मतें तें रोगापुढें अगदीं उघडें. त्याचें कवच आईच्या कासेंत, चिकांत भरून ठेवलेलें असतें. तें कवच जसेंच्या तसें रक्तांत घेण्यासाठीं वासराच्या आंतड्याचें दार जन्मानंतर थोडाच वेळ उघडें असतें. पहिल्या दोन तासांत तें चांगलें उघडें. सहा तासांनंतर झपाट्यानें मिटूं लागतें. आणि चोवीस तासांच्या सुमारास बहुतेक बंद होतें. शिवाय पहिल्या धारेच्या चिकांत हीं द्रव्यें सर्वांत अधिक असतात, दुसऱ्या धारेस तीं पुष्कळ कमी होतात. म्हणजे उशीर केला तर दार मिटतें, आणि पहिली धार विकली तर माल संपतो. आमच्या कालवडीच्या बाबतींत आम्हीं दोन्ही केलें.

येथें प्रत्येक गृहिणीस ठाऊक असलेल्या एका गोष्टीकडे लक्ष वेधावेंसें वाटतें. साधें दूध वाफवलें तर त्याची वडी पडत नाहीं; चिकाची पडते. कां? तर चिकांत प्रथिनें भरगच्च असतात, त्यांत या रोगप्रतिकारक प्रथिनांचा वांटा मोठा असतो, आणि उष्णता लागतांच तीं थिजतात. जो चीक सर्वांत घट्ट, ज्याची वडी सुरीनें कापावी लागते, तोच वासराच्या सर्वांत उपयोगाचा. आपण ताटांत ज्यास उत्तम खरवस म्हणतों, तें वस्तुतः वासराचें थिजलेलें कवच होय. खरवस खाऊंच नये असें माझें म्हणणें नाहीं. तो कोणाचें पोट भरल्यावर खावा, एवढेंच सांगावयाचें आहे.

प्रमाण लक्षांत ठेवण्यास सोपें आहे. वासराच्या वजनाच्या एकदशांश चीक त्याला मिळाला पाहिजे. त्यांतील निम्मा पहिल्या दोन तासांत व उरलेला बारा तासांच्या आंत. २५ किलो वजनाच्या संकरित वासरास अडीच लिटर, २० किलोच्या डांगी किंवा गावठी वासरास दोन लिटर. लहान गावठी गाईचा चीक बेताचाच असतो. तिच्या कासेकडे मनुष्यानें पहिले दोन दिवस पाहूंहि नये. संकरित गाय पहिल्या चार दिवसांत वासराला पुरून उरेल इतकें देते. जें उरेल तें घरधन्यानें खुशाल न्यावें. परंतु 'उरेल तें' हा शब्द त्याच्या वांट्यास यावा. आज तो वासराच्या वांट्यास येतो.

महसूल खात्यांत आयुष्य गेल्यामुळें मला ही गोष्ट त्या खात्याच्या भाषेंतच नीट समजते. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणें सारा हा जमिनीवरील सर्वांत पहिला बोजा आहे. सावकाराचें, बँकेचें, भाऊबंदाचें देणें त्याच्या मागून. तसाच चिकावरील पहिला बोजा वासराचा आहे. गिऱ्हाईक, पाहुणा व घरधनी हे त्याच्या मागून. फरक इतकाच कीं, साऱ्याची थकबाकी पुढील वर्षीं वसूल होऊं शकते; वासराची ही थकबाकी पुढें कधींहि फेडतां येत नाहीं, कारण दार मिटलेलें असतें.

यावर आमच्या गांवीं तीन हरकती घेतल्या जातात. पहिली ही कीं, वार पडेपर्यंत थांबावें. परंतु वासरूं सडाला लागलें म्हणजे गाईच्या शरीरांत पान्हा सोडणारें जें द्रव्य सुटतें, तेंच गर्भाशयाच्या आकुंचनास मदत करतें. म्हणजे पाजल्यानें वार अडत नाहीं. झाली तर पडण्यास मदतच होते. दुसरी हरकत अशी कीं, चीक जड असतो व त्यानें वासरूं हगतें. चीक सारक आहे हें खरें. आणि तो सारक असावा अशीच योजना आहे, कारण वासराच्या आंतड्यांत जन्मापूर्वींचा काळा चिकट मळ असतो, तो त्या योगें निघून जातो. एकदम पोट तट्ट न भरतां दोन-तीन वेळां विभागून पाजलें म्हणजे झालें.

तिसरी हरकत पैशाची, आणि ती मी हलकी मानीत नाहीं. शेतकऱ्याच्या घरीं श्रावण-भाद्रपदांत हातांत पैसा नसतो, आणि चिकाचे रोख पैसे मिळतात. पण पहिल्या दिवशींच्या दोन-अडीच लिटर चिकाची किंमत एका पारड्यांत घाला, आणि दुसऱ्या पारड्यांत डॉक्टरांची फी, सलाईन, औषधें आणि शेवटीं मेलेली कालवड घाला. आमच्या वेळीं मीं हा हिशेब वहींत लिहून काढला, तेव्हां मला माझीच लाज वाटली. ज्या गृहस्थांस मीं दोन लिटर चीक दिला त्यांनीं रोख पैसे दिले, आणि ते पैसे डॉक्टरांच्या पहिल्या भेटींतच गेले.

चिकाचे चार दिवस संपले म्हणजे वासराचा दुसरा प्रश्न उभा राहतो, तो दुधाचा. आपली जुनी रीत अशी कीं, वासरूं सोडावें, त्यानें दोन ढुशा दिल्या व पान्हा सुटला कीं ओढून खुंट्यास बांधावें, आणि धार निपटून घेतल्यावर पुन्हां सोडावें. रिकामी कास चोखून त्याच्या तोंडाला फेंस येतो, आणि पाहणारास वाटतें कीं वासरूं पोटभर प्यालें. सर्वसाधारण मापाप्रमाणें पहिल्या महिन्यांत वजनाच्या एकदशांश, दुसऱ्यांत एकपंधरांश व तिसऱ्यांत एकविसांश दूध रोज दिलें पाहिजे. आणि दुसऱ्या आठवड्यापासून पुढ्यांत मूठभर भरडा व कोंवळें वाळलेलें गवत ठेवलें पाहिजे, म्हणजे पोटाला चाऱ्याची संवय लागते. २५ किलोच्या वासरास या हिशेबानें तीन महिन्यांत सुमारें सव्वादोनशें लिटर दूध लागतें. लिटरमागें ४० रुपये धरले तर ही रक्कम ९,००० रुपयांची होते. रक्कम लहान नव्हे. परंतु तयार दुभती गाय आज आपल्या बाजारांत कितीला पडते, तो आंकडा वाचकांनीं तिच्याशेजारीं मांडून पाहावा. अर्धपोटीं वाढलेली कालवड उशिरां माजावर येते, उशिरां गाभण राहते, आणि तितके महिने आपण तिला फुकट चारतों. दूध वांचवलें असें आपणांस वाटतें. वस्तुतः तें आपण व्याजानें काढलेलें असतें.

वासराचा वांटा कमी करण्याची प्रवृत्ति आजची नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत गवळ्यांसाठीं असा नियम आहे कीं, शिशिर, वसंत व ग्रीष्म या ऋतूंत, म्हणजे चारा कमी असतांना, दिवसांतून एकदांच दूध काढावें. दुसऱ्यांदां काढणाऱ्याचा अंगठा तोडावा. एवढी शिक्षा सांगावी लागली, त्या अर्थीं मोह त्या काळींहि मोठाच असला पाहिजे. आजचा मोह निराळ्या रूपानें येतो. कांहीं गोठ्यांतून वासरूं मेलें तरी त्याचें दुःख होत नाहीं, कारण त्याच्या कातड्यांत पेंढा भरून तें म्हशीपुढें ठेवतात, किंवा इंजेक्शन टोचून पान्हा सोडवितात. असें टोचणें हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या १२ व्या कलमाखालीं गुन्हा आहे, हें सभासदांनीं ध्यानांत ठेवावें. ज्या दिवशीं वासराशिवाय पान्हा सोडवितां येऊं लागला, त्या दिवशींच वासराचा गोठ्यांतील शेवटचा उपयोग आपल्या मनांतून संपला. आणि ज्याचा उपयोग संपला त्याला उपाशी ठेवण्यास फार वेळ लागत नाहीं.

तिसरी गोष्ट आमच्या पावसाची. चार महिन्यांत सुमारें शंभर इंच पाऊस पडणाऱ्या या मुलखांत मोठीं जनावरें कशीबशी निभावतात. डांगी गाय तर पावसासाठींच घडविलेली आहे. पण लहान वासरूं ओल सोसूं शकत नाहीं. २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ या दोन दिवशीं उल्हास नदीनें काय केलें तें कांठच्या गांवांनीं पाहिलें आहे. तसा पूर रोज येत नाहीं. परंतु गोठ्याच्या कोपऱ्यांत मूत व पाणी सांचून वासराखालीं जो लहानसा पूर रोज असतो, तोच अधिक वासरें नेतो. आपणांकडे भाताचा पेंढा आहे, गिरणीवर तूस मिळतें. वासराची जागा हातभर उंच करून तिच्यावर कोरडा पेंढा घालावा, तो गुडघे टेकून पाहावा. आपल्या गुडघ्यास ओल लागली तर पेंढा बदलावा. वासरांस मोठ्या गुरांच्या मागें, त्यांच्या शेणांत, कधींहि बांधूं नये.

आतां, एवढें करूनहि किंवा न केल्यामुळें वासरूं रोड झालेंच, तर काय करावें? येथें मी दुसरी हकीकत सांगतों. त्याच गाईला पुढील वर्षींच्या आश्विनांत पुन्हां कालवड झाली. ती दिवस पुरे होण्यापूर्वींच झाली; वजन अवघें १८ किलो; तिला उभें राहवेना. आप्पा म्हणून आमचे एक शेजारी आहेत, ते म्हणाले, "भाऊ, ही काय जगायची नाय." या वेळीं मात्र वाराची वाट पाहिली नाहीं. प्रथम नाकातोंडांतला चिकटा पुसला, पेंढ्यानें अंग चोळून कोरडें केलें, नाळ बोटाच्या लांबीवर स्वच्छ दोऱ्यानें बांधून तिला टिंक्चर आयोडीन लावलें. गुदद्वारांत थर्मामीटर लावला तो ९८ दाखवी. वासराचें उष्णमान १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असावयास पाहिजे. गोणपाटांत गुंडाळून, दोन्ही बाजूंस कोमट पाण्याच्या बाटल्या ठेवून ऊब दिली. तोंडांत बोट घातलें तर ती चोखूं लागली, तेव्हां तासाभरांत बाटलीनें अर्धा लिटर चीक पाजला, आणि पुढें दर तीन तासांनीं थोडा थोडा देत गेलों. रात्रभर पाळीपाळीनें जागलों. तिसऱ्या दिवशीं ती उभी राहिली.

बाराव्या दिवशीं तिलाहि हगवण लागली. या वेळीं दूध बंद केलें नाहीं. हगवणीनें वासरूं मरतें तें बहुधा अंगांतील पाणी व क्षार निघून गेल्यानें. दूध तोडलें तर त्यावर उपासाची भर पडते. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यांत सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून, दुधाच्या वेळांच्या मध्यें, दिवसांतून तीन-चार वेळां पाजलें. दुधांत मिसळलें नाहीं. डॉक्टरांकडून क्षारांची तयार पूड मिळाली तर ती याहून चांगली. चार दिवसांत शेण बांधलें. ती कालवड आज गाभण आहे. एका वासरावरून नियम ठरत नाहीं, हें मी जाणतों. आणि पहिलीला हें सारें केलें असतें तर ती जगलीच असती, असेंहि म्हणवत नाहीं. परंतु आपण आपलें देणें दिलें होतें किंवा नाहीं, हें तरी मनुष्यास ठाऊक असावें.

रोड वासराचें कारण शोधतांना कांहीं ठळक खुणा उपयोगीं पडतात. तोंड थंड, चोखण्याची ओढ नाहीं, डोळे खोल, कातडी चिमटींत धरली तर तशीच उभी राहते, अशा वेळीं घरगुती उपाय करीत न बसतां डॉक्टरांस बोलवावें. जें चोखत नाहीं त्याच्या घशांत बळेंच ओतलें तर तें फुप्फुसांत जातें. नाळेपाशीं सूज व ऊन लागणें, सांधे सुजणें, ही नाळेवाटें विष शिरल्याची खूण. पोट नगाऱ्यासारखें, केंस राठ, शेण मातकट व दुर्गंधी, ही जंतांची. म्हशीच्या पारडांस हा रोग फार होतो, कारण एका जातीचे जंत आईच्या दुधावाटेंच त्यांच्या पोटांत उतरतात. गोठा कितीहि स्वच्छ असला तरी चुकत नाहींत. म्हणून पारडाला दुसऱ्या आठवड्यांत, खुणा दिसण्याची वाट न पाहतां, वजनाप्रमाणें जंताचें औषध द्यावें. शेणांत रक्त असेल, किंवा गोचीड होऊन ताप आला व डोळ्यांच्या आंतील बाजू पांढरीफटक झाली असेल, तर तो विषय सर्वस्वीं डॉक्टरांचा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठीं १९६२ हा क्रमांक आहे, तो गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवावा. बिब्बा व डाग यांनीं यांतील एकहि कारण दूर होत नाहीं. वासराच्या यातनांत मात्र भर पडते.

येथें गोऱ्ह्याचा व रेड्याचा प्रश्न टाळतां येत नाहीं. कालवडीसाठीं हें सर्व करण्यास पुष्कळजण तयार होतील. गोऱ्ह्यासाठीं कोण करील? नांगरटीला आतां छोटीं यंत्रें आलीं, आणि मुरबाडजवळच्या म्हसा येथील पौषांतल्या यात्रेंत बैल पारखणारे आमच्या वडिलांच्या पिढीचे डोळेहि आतां थोडे राहिले. गोऱ्हा परवडत नाहीं हें दुःख खरें आहे, आणि त्यावर मजजवळ तोडगा नाहीं. परंतु ठेवणें परवडत नाहीं म्हणून चीक चोरावा व तो आपोआप मरेल अशी व्यवस्था करावी, हा तोडगा नव्हे. त्यांत व्यवहारहि नाहीं. उपाशी गोऱ्हा आधीं आजारी पडतो आणि मग मरतो. आणि मधल्या दिवसांत त्याची हगवण शेजारीं बांधलेल्या कालवडीस लागते. एका दावणीस दोन न्याय चालत नाहींत.

आतां शेवटीं मंडळाच्या सभासदांपुढें तीन सूचना ठेवतों. पहिली, प्रत्येक सभासदानें आपल्या घरापुरता निश्चय करावा कीं, पहिल्या धारेचा चीक विकणार नाहीं व वासरूं प्याल्याखेरीज कोणाच्या घरीं पाठविणार नाहीं. दुसरी, प्रत्येक गांवीं एका घरीं मंडळाच्या वतीनें एक थर्मामीटर, पाजण्याची एक बाटली, आयोडीनची कुपी आणि बर्फपेटींत गोठवलेला थोडा चीक ठेवावा. संकरित गाईचा वासराला पुरून उरलेला पहिल्या धारेचा चीक अर्ध्या अर्ध्या लिटरच्या पिशव्यांत, तारीख घालून, नीट गोठवला तर वर्षभर टिकतो. ज्याची गाय विण्यांत दगावली किंवा जिच्या कासेंत चीक आला नाहीं, त्याला तो उपयोगीं पडेल. हाताला सोसेल अशा ऊन पाण्यांत पिशवी धरून तो विरघळवावा. चुलीवर ठेवूं नये, नाहींतर वासराच्या औषधाचा खरवस होईल. दुधांत अंडें व एरंडेल घालून देण्याची जुनी कृति आहे. तिनें पोषण होईल, पण कवच मिळणार नाहीं.

तिसरी सूचना कारकुनाची आहे. वाचकांनीं हंसूं नये. गोठ्यांत एक वही ठेवावी. तिच्यांत गाय किती वाजतां व्याली, वासरानें पहिला चीक किती वाजतां व किती घेतला, नाळेस औषध केव्हां लावलें, जंताचें औषध कोणत्या तारखेस दिलें, आणि कालवड असेल तर चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान सांसर्गिक गर्भपाताची लस केव्हां टोचली, एवढें लिहावें. २०१९ पासून ही लस व लाळ्या-खुरकुताची लस केंद्र सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमांत आहे. माझा अनुभव असा आहे कीं, जी गोष्ट लिहावी लागते ती मनुष्य विसरत नाहीं, आणि लिहितांना ज्या रकान्याची लाज वाटते तो पुढील खेपेस तो सुधारतो. आमच्या वहींत पहिल्या कालवडीपुढें 'रात्रीं १०' व 'सकाळीं ९' असे दोन आंकडे आहेत. तें पान मीं फाडलेलें नाहीं.

आश्विन वद्य द्वादशीस आपण वसुबारस करतों. सवत्स गाईची पूजा होते, आणि पुष्कळ घरीं त्या दिवशीं गाईचें दूध, दहीं, तूप वर्ज्य करतात. या व्रताचा अर्थ माझ्या अल्पमतीप्रमाणें असा कीं, वर्षांतून एक दिवस तरी दूध ज्याचें त्यास द्यावें. ज्या घरीं एवढा नेम पाळतात, त्या घरीं गाय व्याली त्या रात्रीं आणखी एक वसुबारस पाळणें कठीण जाऊं नये. पूजेला हळदकुंकू लागतें. या व्रताला घड्याळ लागतें, इतकेंच.

तरी वाचकांस विनंती एवढीच कीं, गाय व्याली म्हणजे तिसरा प्रश्न पहिला विचारावा. बाकीच्या दोहोंचीं उत्तरें थोड्या वेळानें मिळालीं तरी चालतात.